पूजेत ठेवलेले बेल्ट

दाजी, परवा तुमचं तेरावं झालं. पंगत उठल्यावर आमच्या मॅनेजर साहेबांनी मला जिन्यापाशी बाजूला घेतलं, एक हात खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं एक पाकीट माझ्या पिशवीत सरकवलं. घाई नाही म्हणाले, सोमवारी सही करून दे. ज्याला घाई नसते तो माणूस तेराव्याच्या पंगतीला टाइप केलेला रिपोर्ट घेऊन येत नाही, एवढं मला कळतं. माझा स्वभाव संशयी आहे हे तुम्ही मला शंभरदा ऐकवलं होतं. आता तो आवरायला तुम्ही नाही, आणि मलाही तो आवरायचा नाही.

रिपोर्ट दोन पानांचा आहे. त्यात तुमचं पूर्ण नाव आहे, सेफ्टी कोऑर्डिनेटर हा हुद्दा आहे आणि मग एक लांबलचक वाक्य आहे: सुट्टीच्या दिवशी, कोणाचीही सूचना नसताना, बेल्ट न लावता, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे होइस्टच्या मनोऱ्यावरून पडून. खाली साइट इंजिनिअर म्हणून माझ्या सहीची जागा. ज्या माणसानं दोन वर्षं रोज सकाळी शिडीच्या तोंडाशी उभं राहून प्रत्येकाच्या कमरेचा बेल्ट ओढून बघितला, त्याला स्वतःच्या बेल्टचं भान नव्हतं, असं मी, त्याच्या बायकोच्या सख्ख्या भावानं, लिहून द्यायचं. उद्या तुमच्या लेकीला कोणी विचारलं की वडील कसे गेले, तर वैजूनं हा कागद पुढे करायचा. मी सही केली नाही. पण सही न करण्यापलीकडे काय करायचं, हे तेव्हा मला सुचत नव्हतं.

या नोकरीत तुम्हाला आणलं मीच. होसूर रोडवर, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या अलीकडे, परदेशी कंपनीची सात मजली इमारत आम्ही बांधत होतो, आणि त्या कंपनीनं अट घातली की सुरक्षेसाठी वेगळा माणूस हवा. आम्ही सगळे हसलो होतो. तोवर मेस्त्री खालून ‘संभाळून रे’ असं ओरडायचा, ती आमची सुरक्षा. मॅनेजरना गपगुमान फॉर्म भरणारा आणि सही करणारा माणूस पाहिजे होता. मला तुम्ही आठवलात. कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन तुम्ही घरी बसला होतात आणि दर दोन दिवसांनी चालू नळ दुरुस्त करून अक्काला जेरीला आणत होतात. कागद भरायचं काम आहे दाजी, बसून राहायचं, असं मी सांगितलं. तुम्ही ‘सरी’ म्हणालात. तुमची बेंगळुरूत इतक्या पिढ्या मुरलेली मराठी. त्या एका ‘सरी’त होकार किती आणि ‘बघू या’ किती, हे आम्हा सांगलीकडच्यांना कधीच उमगलं नाही. तिथेच मला शंका यायला हवी होती.

पहिल्याच दिवशी तुम्ही कारखान्यातले जुने बूट घालून सात मजल्यांची परांची चढलात, लाकडांच्या प्रत्येक जोडावरची दोरी हातानं चाचपलीत, दुपारी खाली आलात आणि पूर्वेकडचं काम बंद केलंत. अर्धा दिवस गेला. मॅनेजरनी मला झाडलं, मी संध्याकाळी चामराजपेटेला तुमच्या घरी येऊन अक्काला झाडलं, आणि तुम्ही पोह्यांची बशी हातात घेऊन म्हणालात, दोरी कुजली होती की रे, सुम्ने, उगाच कशाला चिडतोस. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन ती दोरी ओढली. हातात आली. हे मी तुम्हाला सांगितलं नाही.

मग परदेशी कंपनीनं पाठवलेले बेल्ट आले. त्यांचं काय झालं ते आठवतं ना? गजांच्या मोळ्या त्यांनी बांधल्या गेल्या, जेवणाचे डबे त्यांना लटकले, एकानं तर सायकलच्या कॅरिअरला लावला. यल्लम्मा नावाच्या बाईनं त्याचा पाळणा केला होता आणि लेकरू त्यात झोपलं होतं. तुम्ही ते उठेपर्यंत थांबलात, तिला दुसरी दोरी आणून दिलीत, पाळणा नीट बांधून दिलात आणि मगच बेल्ट घेतलात. लोक तुम्हाला पाठीमागे बेल्टप्पा म्हणायला लागले. कोणी मोठ्यानं हाक मारली तर तुम्ही वळून ओ द्यायचात, त्यामुळे चिडवणाऱ्यांची गंमतच गेली.

माझी गंमत मात्र वेगळ्याच गोष्टीनं जात होती. तुमच्या खिशातली ती डायरी. दिवसभर तुम्ही तीत काहीतरी टिपायचात, आणि टिपायचात मराठी, पण कानडी अक्षरांत, कारण शाळा तुमची कानडी. मला दुकानांच्या पाट्या जेमतेम लागतात. डोळ्यांसमोर आपली भाषा लिहिली जातेय आणि आपल्याला एक अक्षर वाचता येत नाही, यापेक्षा संशयी माणसाचा वाईट छळ नाही. माझी खात्री झाली की मॅनेजरनी तुम्हाला माझ्यावर नजर ठेवायला लावलंय. तिसऱ्या मजल्यावर मी हेल्मेटशिवाय उभा होतो आणि तुम्ही सगळ्यांसमोर ते टिपून घेतलंत, त्या संध्याकाळी तुमच्याच स्वयंपाकघरात मी तुम्हाला विचारलं,

“तुम्ही माझ्यावर पहारा करायला आहात का, दाजी?”

“तुझ्यावर नव्हे रे,” तुम्ही म्हणालात. “तुझ्या डोक्यावर.”

अक्का हसली. मी ताटावरून उठलो. पुढे आठ दिवस मी बोललो नाही. तुम्ही रोज सकाळी माझ्या टेबलाशी यायचात, ‘हेल्मेट’ एवढा एकच शब्द बोलायचात आणि निघून जायचात. ते भांडण तसंच राहिलं. ना मी हरलो, ना तुम्ही जिंकल्याचं दाखवलंत. आता ते कोणाशी संपवू?

बेल्ट पूजेला ठेवायची कल्पना तुमची. आपल्याकडे खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात, पण इथल्या आयुधपूजेचा थाट मी इथे आल्यावरच पाहिला. बस, रिक्षा, लेथ, टाइपरायटर, सगळ्यांना हळदीकुंकू, फुलं आणि दोन बाजूंना केळीची छोटी रोपं. आणि पूजेला ठेवलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला नमस्कार करून हातात घ्यायचं. तुम्ही मीटिंगमध्ये उभे राहिलात आणि म्हणालात, थापी आणि ओळंब्याबरोबर बेल्टही ठेवू. मॅनेजर हसले, मीही हसलो. तुमचं म्हणणं साधं होतं: ज्याला कुंकू लागलं त्यानं हा माणूस उद्या गजाची मोळी बांधणार नाही. आणि तसंच झालं. त्या पहिल्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी लोक ओळीनं आले, बेल्ट दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांना लावला आणि मग कमरेला. यल्लम्मानं तर माझ्या देखत आपल्या नवऱ्याला जमिनीवर टाकलेला बेल्ट उचलायला लावला. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला हे कोणी शिकवलं नव्हतं.

यंदा दुसरं वर्ष. सकाळी स्टोअरच्या खोलीत सगळे बेल्ट मांडले, प्रत्येकाच्या बकलला कुंकवाचा टिळा लावलात, सर्वांत पुढे तुमचा स्वतःचा. होइस्ट, म्हणजे विटा-सिमेंट वर नेणारा आमचा माल-पाळणा, त्याचाही मनोरा धुऊन घेतला. आरती झाली, खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली माझ्या खिशात आली. साइटवरचा एकूण एक बेल्ट त्या कुलपाआड. आज वर कोणी जाणार नाही, असं तुम्ही सगळ्यांना एकेकाला गाठून सांगितलं होतंत, शिडीजवळ खडूनं लिहिलंही होतंत. तेवढं पुरेल असं आपल्याला वाटलं. पूजेच्या दिवशी वर जायचं नाही हे ठीक, पण जावंच लागलं तर काय लावून जायचं, हा विचार कोणीच केला नाही. तुम्हीसुद्धा नाही, दाजी. तुमच्या हातून झालेली चूक मला सापडली ती एवढीच, आणि तीही चांगल्या हेतूची.

आता जे सांगतो ते मी पंधरा दिवसांत कोणालाही सांगितलेलं नाही. मांडवात आमच्या कंपनीच्या मालकांची मंडळी आली होती. मी नवा शर्ट घालून त्यांच्यापुढे उभा होतो, डोक्यावर अर्थातच हेल्मेट नव्हतं. चुरमुऱ्यांच्या आणि पेढ्यांच्या पुड्या वाटल्या जात होत्या. तुम्ही होइस्टच्या बाजूनं झपझप येताना मला दिसलात. माझ्याकडे बघून हात वर केलात. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली: आला हा माणूस, आता मालकांसमोर माझी शोभा करणार. मी तोंड फिरवलं. मालकांच्या भावाला गाड्या कुठे लावायची सोय आहे ते हातवारे करून समजावायला लागलो, त्यानं विचारलंही नव्हतं. तुम्ही मांडवाच्या कडेला थोडा वेळ उभे होतात, मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. मग पाहिलं तर नव्हतात. मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं, हेच खरं आहे. थोड्या वेळानं तो आवाज आला, आणि बायका ओरडल्या.

मी धावलो तेव्हा तुमच्याजवळ केळीचं एक रोप पडलं होतं, बुंध्यात मोडलेलं. ते मी पाहिलंय. रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख नाही. तुम्ही वर का गेलात याचाही नाही. होइस्ट चालवणारा मुनियप्पा त्या दुपारपासून गायब. मेस्त्री म्हणाला, गावी गेला. कुठलं गाव, तर माहीत नाही. दहा वर्षं हे दोघे एका ताटात जेवतात आणि त्याला गाव माहीत नाही. मॅनेजर, ज्यांनी माझ्या मुलांची नावं कधी विचारली नाहीत, ते दिवसाआड अक्काकडे सफरचंदं घेऊन येत होते, आणि मी खोलीत आलो की विषय बदलत होते. साइटवर मी दिसलो की चहाच्या टपरीवरचं बोलणं थांबायचं. या सगळ्यांनी मिळून काहीतरी दडवलंय, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी मनात खटला उभा केला. कधी मॅनेजर आरोपी, कधी मेस्त्री. मुनियप्पा पळाला म्हणजे त्यानंच काही केलं असणार. एका दुपारी, लाज वाटते पण सांगतो, मी तुम्हालाही पिंजऱ्यात उभं केलं. म्हटलं, हट्टी माणूस, आपलंच खरं करायला गेला असेल वर.

आणि अक्का. तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं होतं, तू तेव्हा कुठे होतास. पाहुण्यांजवळ होतो म्हटलं. तिनं मान हलवली. त्यानंतर ती मला रोज कॉफी आणून देत होती आणि पेला ठेवताना माझ्याकडे बघत नव्हती. तिला काही कळलंय का, कोणी सांगितलं असेल, याचाच मी विचार करत होतो. ती विधवा झालीय, तिला माझ्याकडे बघण्याइतकी ताकद उरली नसेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

काल पोलिसांनी परत दिलेली पुडी अक्कानं उघडली. तुमचा चष्मा, पेन्सिल आणि डायरी. मी वैजूला म्हटलं, वाच. दोन वर्षं मला ज्याची धास्ती होती ते मला ऐकायचं होतं. ती तुमच्या खुर्चीत बसून वाचायला लागली आणि मी कान टवकारून माझं नाव येण्याची वाट बघत बसलो. आलं की. वीस-बावीस वेळा आलं. श्रीकांत, तिसरा मजला, हेल्मेट नाही, सांगितलं. श्रीकांत, पाचवा मजला, हेल्मेट नाही, सांगितलं. श्रीकांत, हेल्मेट आहे. त्यापुढे तुम्ही काही लिहिलं नव्हतंत, पण वैजू म्हणाली, मामा, इथे बाबांनी फूल काढलंय. मी ते पान हातात घेऊन पाहिलं. वेडंवाकडं, पाच पाकळ्यांचं.

यातलं एक अक्षर मॅनेजरपर्यंत गेलं नव्हतं. गेलं असतं तर ते मला ऐकवल्याशिवाय राहिले नसते.

तुमची लिहिण्याची पद्धत वैजूनंच उलगडून दाखवली. वर चढण्यापूर्वी तुम्ही एक ओळ लिहायचात: कुठे, कोण आहे, काय चुकलंय, आणि शेवटी ‘कोणी सांगितलं’. म्हणजे त्या माणसाला तिथे पाठवलं कोणी. पाठवणाऱ्याचं नाव तुम्ही वर जाऊन त्या माणसाला विचारायचात, खाली उतरून भरायचात आणि मग त्या ओळीवर रेघ मारायचात. रेघ म्हणजे सगळे खाली, काम संपलं. दोन वर्षांच्या ओळी, सगळ्या रेघ मारलेल्या. शेवटची सोडून. ती वैजूनं हळूहळू वाचली.

“होइस्टवर मुनियप्पा. केळ बांधायला. चक्कर येतेय. बेल्ट पूजेत. किल्ली श्रीकांतकडे, तो पाहुण्यांत आहे. कोणी सांगितलं.”

पुढे जागा कोरी. अक्का दाराशी उभी होती, ती आत गेली. ‘तो पाहुण्यांत आहे.’ एवढंच लिहिलंत तुम्ही. तोंड फिरवलं असं लिहायचं होतं, दाजी. तुम्ही किल्ली मागायला आला होतात आणि मी हेल्मेट समजून बसलो होतो.

खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. पण संशयी माणूस स्वतःपाशी थांबत नाही. किल्लीचं पाप माझं, कबूल, पण मुनियप्पाला वर पाठवलं कोणी? ती कोरी जागा मला सोडेना. तिथे मॅनेजरचं नाव असणार अशी माझी जवळजवळ खात्री होती, आणि ते मिळालं तर माझं ओझं निम्मं होईल असा हिशेब मी करत होतो. डायरीच्या मागच्या पानांवर तुम्ही प्रत्येक कामगाराचं गाव आणि घरचं नाव लिहून ठेवलं होतंत, काही झालं तर कोणाला कळवायचं म्हणून. मेस्त्रीला दहा वर्षांत जे माहीत नव्हतं ते तुमच्याकडे होतं. देवनहळ्ळी, किल्ल्याच्या मागे, द्राक्षांच्या मळ्यापलीकडे.

आज सकाळी मी मॅजेस्टिकच्या स्टँडवरून बस धरली. मुनियप्पा अंगणात खाटेवर बसला होता. मला बघताच उभा राहिला आणि माझ्या मागे पाहायला लागला, पोलीस आहेत का म्हणून. पन्नाशीचा माणूस, पंधरा दिवसांत सत्तरीचा झाला होता. मी एकटाच आहे हे पटायला त्याला वेळ लागला. मग तो बोलला, आणि मी मधे एकदाही तोडलं नाही.

त्या दिवशी त्याचा उपास होता. तो खालीच, होइस्टच्या पायाशी केळ बांधून प्रसादाला मांडवात आला होता. तिथून परत जाऊन तो आणखी एक रोप घेऊन मनोऱ्यावर चढला. वर बांधलेली केळ पुरेशी घट्ट नव्हती, एका सुतळीवर राहिली होती, कारण ती बांधतानाच त्याला चक्कर आली आणि तो पाइप धरून फळीवरच बसला. होइस्ट पूजेचं म्हणून बंद, तेव्हा तुम्ही शिडीनं गेलात, बेल्टशिवाय. त्याच्याजवळ पोहोचून आधी विचारलंत, हेल्मेट कुठाय. मग विचारलंत, कोणी सांगितलं. त्यानं सांगितलं. तुम्ही ‘सरी’ म्हणालात, आधी उतर. त्याला धरून चौथ्या मजल्याच्या स्लॅबवर आणलंत, भिंतीला टेकवून बसवलंत. खाली मांडवाच्या वाटेवर बायका-मुलं होती. ती केळ पडली तर कोणाच्या तरी डोक्यावर पडेल, असं म्हणून तुम्ही परत चढलात. केळ सोडवलीत. फळ्या सकाळी पूजेसाठी धुतलेल्या, ओल्या, वर केळीचा चीक. तो म्हणाला, मी डोळे मिटले, साहेब.

मी विचारलं, तू खाली केळ बांधली होतीस, मग वर कोणी पाठवलं? तो माझ्याकडे बघत राहिला. मला आधी वाटलं तो घाबरलाय. घाबरला नव्हता. मला खरंच आठवत नाही याचंच त्याला नवल वाटत होतं.

“तुम्हीच म्हणालात ना, साहेब.”

तेव्हा आठवलं. प्रसादाच्या रांगेत तो माझ्यासमोर आला होता आणि मी, मालकांना ऐकू जाईल अशा बेतानं, थट्टेत म्हटलं होतं, काय मुनियप्पा, सगळ्यांच्या डोक्यावर केळ आणि तुझ्या या होइस्टदेवाचं डोकं बोडकं? वर बांध, रस्त्यावरून दिसली पाहिजे. मालक हसले. मॅनेजर हसले. मी दुसऱ्या पुडीकडे वळलो आणि विसरलो. माझ्यासाठी तो विनोद होता. मुनियप्पासाठी इंजिनिअर साहेबांचा हुकूम, तोही त्याच्या देवाबद्दलचा. तुमचा खडू आणि तुमचं सकाळचं सांगणं त्यापुढे कसं टिकणार?

मॅनेजरनी त्याला त्याच दुपारी स्वतःच्या गाडीतून बसपर्यंत सोडलं होतं आणि तोंड उघडू नको म्हणून बजावलं होतं. मेस्त्रीलाही, टपरीवाल्यालाही. कोणासाठी, असं मी विचारलं. मुनियप्पा म्हणाला, तुमच्यासाठी, साहेब. तुमची नोकरी जाऊ नये म्हणून. म्हणजे दाजी, कट होता, मला आलेला वास खरा होता. फक्त तो कट मला वाचवायला रचलेला होता, आणि साइटवरच्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं, एक मी सोडून. सगळ्यांवर संशय घेतला मी. एकच माणूस राहिला.

निघताना मुनियप्पाच्या बायकोनं परसातला एक मोठा चकोता, म्हणजे आपलं पपनस, तोडून दिला, अक्कासाठी. येताना बसमध्ये तो मांडीवर धरून मी बसलो होतो आणि माझ्या मनात एकच प्रश्न होता. वर फळीवर तुम्हाला माझं नाव कळलं होतं. खाली आला असतात तर डायरीत लिहिलं असतंत का? की मेव्हणा म्हणून ती जागा कोरीच ठेवली असतीत? हा शेवटचा संशय, आणि तो तुमच्यावर. मग मला ती वीस-बावीस हेल्मेटं आठवली. तुम्ही कोणाला सोडलं नव्हतंत, मला तर नाहीच. म्हणूनच आज माझं डोकं शाबूत आहे, आणि हे मी तुम्हाला तुम्ही असताना सांगायला हवं होतं.

चामराजपेटेला पोहोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. शेजाऱ्यांकडे आकाशकंदील लागलेत, आपल्याकडे यंदा नाही. चकोता अक्काच्या हातात दिला आणि कोणाकडून आलाय ते सांगितलं. तिनं तो तुमच्या फोटोपुढे ठेवला. मी वैजूला डायरी मागितली आणि विचारलं, माझं नाव कानडीत कसं लिहायचं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तुमचीच लेक ती, ओळीत कुठे जागा कोरी आहे हे तिला पाठ आहे. काही न विचारता तिनं पेपरच्या कडेला मोठ्या अक्षरांत नाव लिहून दिलं. तुमच्या पेन्सिलीनं, बघून बघून, मी ते ‘कोणी सांगितलं’च्या पुढे उतरवलं. अक्षर वाईट आलं.

मान वर केली तर अक्का समोर उभी होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं.

“त्यांनी लिहिलंच असतं,” ती म्हणाली. “आणि घरी येऊन तुला सांगितलंही असतं.”

एवढं बोलून ती आत गेली. कॉफी आली नाही. ती मला माफ करेल की नाही मला माहीत नाही, आणि तिच्यावर त्याची घाई करायचा मला हक्क नाही. उद्या सोमवार. टाइप केलेला रिपोर्ट सहीशिवाय परत जाईल, त्याबरोबर मी हातानं लिहिलेली दोन पानं जातील. केळ, किल्ली, चक्कर, माझा विनोद, माझं फिरवलेलं तोंड, सगळं त्यात आहे. मुनियप्पा उद्या माझ्याबरोबर येणार आहे, मी बोलावलं नव्हतं, तोच म्हणाला. पुढे नोकरीचं काय व्हायचं ते होईल. वैजूला कोणी विचारलं तर दाखवायला एक खरा कागद असेल.

नाव लिहून झाल्यावर वैजूनं विचारलं, मामा, आता रेघ मारायची का? पेन्सिल माझ्या हातात होती. मी ती तिच्यापुढे ठेवली, तिनं ती उचलली नाही, आणि आम्ही दोघंही त्या ओळीकडे बघत बसलो. रेघ मारायला तुम्ही खाली यायला हवं होतं, दाजी.